व्हीआर हेडसेट मध्येच काळा पडतो? नवं ग्राफिक्स कार्ड आणायच्या आधी हे तपासा

“काका, कार्ड बदललं. तरी तसंच होतंय.”

रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनींचा मुलगा दारात उभा होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे, संध्याकाळी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतो. त्या पैशांतून त्याने वापरलेला ऑक्युलस रिफ्ट घेतला, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जगात फिरवणारा व्हीआर हेडसेट. तो नीट चालेना, म्हणून कॉम्प्युटरमधलं जीटीएक्स ९६० हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं काढणारा भाग) काढून जीटीएक्स १०६० बसवलं. तेही वापरलेलंच, पण त्याच्यासाठी ती चार महिन्यांची कमाई होती. गणपतीत वाड्यातल्या लहान मुलांना हेडसेट दाखवायचा शब्द त्याने देऊन ठेवला होता आणि हातात तीनच आठवडे होते.

तक्रार अशी: सुरुवातीची दहा-बारा मिनिटं सगळं झकास चालतं. मग डोळ्यांपुढचं चित्र दोन-तीन सेकंद काळं होतं आणि परत येतं. कधी चित्र राहतं, पण पायाखालची जमीन एकदम बाजूला सरकल्यासारखी होते. आणि दोनदा तर अख्खा कॉम्प्युटरच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झाला.

मी इंदुरात बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. पहिल्या पिढीचे हेडसेट वापरलेले स्वस्तात मिळायला लागल्यापासून हीच तक्रार थोड्याफार फरकाने सारखी येते, आणि जवळजवळ प्रत्येकाने माझ्याकडे यायच्या आधी कार्डावर पैसे घातलेले असतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. चित्र काळं होऊन परत येत असेल किंवा जागा सरकत असेल, तर आधी यूएसबी बघा. कॉम्प्युटरच बंद पडत असेल, तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएस बघा. चित्र अडखळत असेल, मान वळवली की मागून फरफटत येत असेल, तरच ग्राफिक्स कार्डाचा विचार करा. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. लोक त्या एकत्र सांगतात आणि दुकानदार तिघींवर एकच औषध देतो.

कार्डावर सगळा संशय का जातो

याला कारण आहे. हे हेडसेट आले तेव्हा कॉम्प्युटरकडून त्यांची मागणी खरोखरच मोठी होती.

२०१२ साली रिफ्ट बनवणाऱ्या ऑक्युलस कंपनीने लोकवर्गणीतून पैसे उभे केले तेव्हा प्रोग्रॅमरांसाठीचा संच ३०० डॉलरला होता. त्यामुळे विक्रीचा हेडसेटही त्याच्याच आसपास मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं. जानेवारी २०१६ मध्ये रिफ्टची नोंदणी सुरू झाली ती ५९९ डॉलरला. म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे चाळीस हजार रुपये, आणि बाहेरून मागवायचा तर वर सीमाशुल्क. हातात धरायचे टच कंट्रोलर त्यात नव्हतेच. ते डिसेंबर २०१६ मध्ये आले, १९९ डॉलरला वेगळे. एचटीसी कंपनीचा व्हाइव्ह हा दुसरा हेडसेट ७९९ डॉलरला होता, पण त्यात दोन कंट्रोलर आणि भिंतीवर लावायची दोन बेस स्टेशन्स धरलेली होती. भारतात व्हाइव्ह २०१७ मध्ये आला तो ९२,९९० रुपयांना. हेडसेट आणि तो चालवू शकणारा कॉम्प्युटर असं मिळून साधारण १,५०० डॉलर लागतील, असं ऑक्युलसच्या प्रमुखांनी २०१५ मध्येच सांगून टाकलं होतं.

एवढा ताकदवान कॉम्प्युटर का? हिशेब सोपा आहे. साध्या फुल एचडी मॉनिटरवर सेकंदाला ६० चित्रं काढायची, तर कार्डाला सेकंदाला सुमारे १२.४ कोटी ठिपके रंगवावे लागतात. रिफ्ट आणि व्हाइव्ह दोघांचा पडदा दोन्ही डोळ्यांचा मिळून २१६० बाय १२०० आणि गती सेकंदाला ९० चित्रं. हे झाले २३.३ कोटी. त्यात भिंगामुळे चित्र कडेला ताणलं जातं. ते भरून काढायला आतलं चित्र मुळात मोठं काढावं लागतं, आणि आकडा जवळपास ४० कोटींवर जातो. म्हणजे मॉनिटरच्या तिप्पट काम. शिवाय एक चित्र पुरं करायला ११ मिलिसेकंदच मिळतात. मॉनिटरवर एखादं चित्र चुकलं तर कळतही नाही. डोळ्यांना चिकटलेल्या पडद्यावर चुकलं की पोटात ढवळतं.

म्हणून कॉम्प्युटर कसा हवा याच्या ऑक्युलसच्या यादीत ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स ९७० किंवा आर९ २९०, प्रोसेसर इंटेल आय५-४५९० आणि ८ जीबी रॅम असं लिहिलेलं होतं. ही ओळ सगळ्यांना पाठ आहे.

पण ऑक्टोबर २०१६ मध्ये ऑक्युलसने त्याखाली दुसरी, हलकी यादी जाहीर केली: जीटीएक्स ९६०, आय३-६१०० आणि ८ जीबी रॅम. युक्ती अशी, की कार्डाला ९० चित्रं झेपली नाहीत तर ते ४५ च काढतं आणि मधली ४५ सॉफ्टवेअर आधीच्या चित्रांवरून हालचालीचा अंदाज घेऊन तयार करतं. बारीक कडा कधीकधी वितळल्यासारख्या दिसतात, पण मान वळवली की चित्र बरोबर वळतं.

आता आमच्या मुलाचं बघा. त्याचं जुनं कार्ड ९६० होतं. ते त्या हलक्या यादीत नावानिशी बसत होतं. मूळ यादीतली खालची एक ओळ मात्र त्याने वाचली नव्हती, आणि त्याची तक्रार तिथून सुरू होत होती.

यूएसबीची ओळ

रिफ्टच्या मूळ यादीत खाली लिहिलेलं आहे: तीन यूएसबी ३.० (वेगवान) आणि एक यूएसबी २.० (जुना, हळू). व्हाइव्हच्या यादीत याच जागी फक्त एक यूएसबी २.० आहे. हा फरक कशामुळे ते समजलं की निम्मा घोटाळा सुटतो.

रिफ्टचे टेबलावर ठेवायचे सेन्सर म्हणजे खरं तर कॅमेरे आहेत. हेडसेटवर आणि कंट्रोलरवर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे लुकलुकत असतात. कॅमेरे त्यांचं चित्रण करतात आणि ते सगळं यूएसबीतून कॉम्प्युटरकडे पाठवतात. हेडसेट कुठे आहे ते कॉम्प्युटर त्यावरून काढतो. एक सेन्सर, दोन सेन्सर, वर हेडसेट स्वतः. सगळे एकाच वेळी न थांबता माहिती ओतत असतात. व्हाइव्हमध्ये उलटं आहे. भिंतीवरची बेस स्टेशन्स खोलीभर लेझरचा झाडू फिरवतात आणि तो कधी अंगावरून गेला हे हेडसेट स्वतः ओळखतो. बेस स्टेशनला फक्त वीज लागते, कॉम्प्युटरशी त्याची तार जोडलेलीच नसते. म्हणून व्हाइव्हवाल्यांची यूएसबीची रड कमी आणि रिफ्टवाल्यांची जास्त.

मुलाचा कॅबिनेट टेबलावर आडवा केला आणि मागची बाजू उजेडात धरली. निळी भोकं, म्हणजे यूएसबी ३.० चे पोर्ट, दोन. आय५-४५९० च्या जमान्यात आपल्याकडे जे स्वस्त मदरबोर्ड खपले, त्यांतले पुष्कळसे एच८१ चिपसेटचे होते, आणि एच८१ मध्ये यूएसबी ३.० चे पोर्ट दोनच असतात. यादीला हवेत तीन. त्याने हेडसेट एका निळ्यात लावला होता, एक सेन्सर दुसऱ्या निळ्यात आणि दुसरा सेन्सर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात, तोही मोबाइल चार्ज करायच्या लांब एक्स्टेंशन केबलवरून. पुढचे पोर्ट आत एका बारीक तारेने मदरबोर्डला जोडलेले असतात. सेन्सरसारख्या भुकेल्या उपकरणाला मी तिथे कधीच बसू देत नाही.

तपासायचा क्रम सांगतो. यात एक रुपयाही खर्च होत नाही.

आधी कॉम्प्युटरच्या मागचे जास्तीचे प्लग काढून टाका. पेनड्राइव्ह, वेबकॅम, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं. कीबोर्ड-माउस काळ्या (यूएसबी २.०) पोर्टात. हेडसेट निळ्या पोर्टात आणि एकच सेन्सर दुसऱ्या निळ्या पोर्टात. एक्स्टेंशन केबल नको. अशा अवस्थेत अर्धा तास चालवा. आता चित्र काळं झालं नाही तर दोष गर्दीचा आहे. मग दुसरा सेन्सर यूएसबी २.० मध्ये लावून पुन्हा अर्धा तास. सॉफ्टवेअर कुरकुर करेल, सेन्सर हळू पोर्टात आहे म्हणून पिवळी खूण दाखवेल. दाखवू द्या. तीन सेन्सर लावणाऱ्यांना तिसरा यूएसबी २.० मध्येच लावायचा सल्ला दिलेला होता, त्यामुळे त्या खुणेला घाबरायचं कारण नाही.

मग विंडोज. दहा-बारा मिनिटांनीच का बिघडतं याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. वीज वाचवायला विंडोज यूएसबीचे पोर्ट मधूनमधून झोपवतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, अगदी खाली ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ आहे, त्यातल्या प्रत्येक ‘रूट हब’वर डबल क्लिक करा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या पानावरची पहिली खूण काढा. हे उपकरण बंद करायची परवानगी कॉम्प्युटरला देणारी खूण ती. एक हब करून थांबू नका, जितके दिसतील तितके सगळे करा. मग कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात चालू प्लॅनची अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग, तिथे ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद. कॉम्प्युटर एकदा पूर्ण बंद करून सुरू करा. विंडोजचं मोठं अपडेट आलं की या खुणा परत बसलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून महिनाभराने तीच तक्रार सुरू झाली तर आधी इथेच परत या.

एवढ्यावर भागलं नाही तर थोडा खर्च. मदरबोर्डवरच्या छोट्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसणारं चार पोर्टांचं यूएसबी ३.० कार्ड मिळतं. त्यात फ्रेस्को लॉजिकची एफएल११०० चिप असलेलं घ्या, रिफ्टसाठी हीच चिप सुचवलेली होती. घेताना खोक्यावर चिपचं नाव आहे का ते बघा. नुसतं ‘सुपर स्पीड’ लिहिलेलं असेल तर परत ठेवा. अशा बऱ्याच कार्डांवर विजेची जोडणी वेगळी असते, एसएमपीएसमधून येणारा साटाचा किंवा चार पिनांचा मोलेक्स प्लग त्यात लावावा लागतो. लोक तो लावायचा विसरतात, आणि मग म्हणतात की नव्या कार्डानेही काही झालं नाही.

आमच्या मुलाला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये पाठवलं, तिथून तो साडेअकराशेला असं कार्ड घेऊन आला. दोन्ही सेन्सर त्यावर, हेडसेट मदरबोर्डच्या निळ्या पोर्टात. चित्र काळं व्हायचं थांबलं, जमीन सरकायची थांबली.

पण चाळिसाव्या मिनिटाला कॉम्प्युटर फटकन बंद पडला.

एसएमपीएस: जो यादीत लिहिलेलाच नाही

कार्ड, प्रोसेसर, रॅम, एचडीएमआय, यूएसबी, विंडोज हे सगळं त्या यादीत आहे. या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा किती ताकदीचा हवा, हे मात्र नाही. ज्या देशांत ब्रँडेड एसएमपीएस सरसकट वापरतात तिथे ते लिहायची गरज वाटली नसेल. आपल्याकडे कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळालेला डबा दहा-दहा वर्षं चालवतात, त्यामुळे आपल्याला ही ओळ स्वतःच्या हाताने लिहून घ्यावी लागते.

आधी खात्री करा. कॉम्प्युटर अचानक बंद पडून सुरू झाला की इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा आणि विंडोज लॉग्ज, सिस्टिम इथे त्या वेळेची लाल नोंद बघा. ‘कर्नल-पॉवर, ४१’ असेल तर विंडोजला बंद व्हायची संधीच मिळाली नाही, वीज मध्येच गेली किंवा मशीन जागच्या जागी गोठलं, एवढं नक्की. त्याऐवजी ‘डिस्प्ले, ४१०१’ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर कोसळून परत उठला; तिथे ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकायचा. आमच्याकडे दोन्ही वेळेला ४१ होता.

मग कॅबिनेटचं झाकण काढलं. एसएमपीएसवर मोठ्या लाल अक्षरांत ‘४५०’. त्याखाली बारीक अक्षरांचा तक्ता असतो, तो वाचायचा. मोबाइलने फोटो काढून मोठा करा, कारण अक्षरं खरोखरच मुंगीएवढी असतात. त्यातला १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि त्याखालचा अँपिअरचा आकडा बघा. इथे होता १४.

आता गुणाकार. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात. आय५-४५९० चे ८४ वॅट आणि जीटीएक्स १०६० चे १२० वॅट, झाले २०४. पंखे आणि हार्ड डिस्क अजून मोजलेलीच नाही. डब्यावर ४५० लिहिलेलं असलं तरी कामाच्या तारेवर १६८ च होते, आणि तेही डबा नवा असताना. जुनं ९६० सुद्धा १२० वॅटचंच होतं, म्हणजे कार्ड बदलून या दुखण्यात काडीचाही फरक पडणार नव्हता.

मग मॉनिटरवर तोच कॉम्प्युटर तासन् तास गेम कसा खेळू देत होता? कारण साध्या गेममध्ये कार्डावर सतत पुरा भार नसतो. हेडसेट लावला की कार्डाला दर ११ मिलिसेकंदांनी चित्र द्यावंच लागतं, उसंत अशी मिळतच नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली, ती सांगायलाच हवी. कार्डाला सहा पिनांचा वीजेचा प्लग लागतो. या डब्याला तो नव्हता, म्हणून दुकानातल्या कोणीतरी दोन मोलेक्स प्लग जोडून सहा पिनांचा जोड करून दिला होता. तो उपसून बघितला तर पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती तपकिरी झालेलं, शेंगदाणा जास्त भाजल्यावर होतो तसं, आणि नाकाशी नेलं की जळका वास. हे असंच चालू राहिलं असतं तर कार्ड गेलं असतं, कदाचित त्याहून वाईटही झालं असतं. तुमच्या कार्डाला असा जोड असेल तर आजच उघडून बघा. प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं तर तो कॉम्प्युटर परत सुरू करू नका.

उपाय एकच, चांगला एसएमपीएस. १२ व्होल्टवर निदान ३० अँपिअर देणारा आणि सहा अधिक दोन पिनांचा प्लग मुळातच असलेला. जीटीएक्स ९७० ला १४५ वॅट लागतात. आर९ २९० त्याहून कितीतरी जास्त ओढतं, त्याच्यासाठी आणखी वरचा घ्या. दुकानदार वॅटचा आकडा सांगेल, तुम्ही १२ व्होल्टखालचा अँपिअर विचारा. प्रश्न ऐकून तो आतल्या कपाटातून वेगळा खोका काढतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एसएमपीएस बदलायच्या आधी एक बिनखर्चाची खात्री मात्र करून घ्या, कारण इथे चोर दुसराही असू शकतो. घरोघरी असतो तो ६०० व्हीए चा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. त्यावर मॉनिटर, राउटर, स्पीकर आणि भराला आलेला कॉम्प्युटर टाकला की बॅटरी जुनी झालेल्या यूपीएसचा श्वास कोंडतो. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट डोळे मिचकावते, यूपीएस एका क्षणासाठी बॅटरीवर जातो, आणि तेवढ्यात सगळं बंद. एकदा यूपीएस बाजूला ठेवून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या चांगल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा आणि तासभर चालवा. बंद पडला नाही तर दोष यूपीएसचा.

बाकीची कारणं, थोडक्यात

‘एचडीएमआय सापडत नाही’ असं येत असेल तर केबल कुठे लावली ते बघा. मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावून वाट बघत बसलेले दोन जण मला भेटले आहेत. हेडसेट ग्राफिक्स कार्डावरच लागतो, म्हणजे आडव्या पट्टीतल्या भोकात. कार्डावर एचडीएमआय एकच असेल तर ते हेडसेटला द्या आणि मॉनिटर डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्टवर न्या. रिफ्टला स्वस्तातला डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय जोड लावू नका. व्हाइव्हच्या जोडणी-डबीवर मिनी डिस्प्लेपोर्ट आहे, त्यामुळे त्याला वाट आहे.

लॅपटॉपवाल्यांना सांगताना जड जातं. त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपांत एनव्हिडियाचं कार्ड असूनही एचडीएमआयचं भोक आतून इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं. कार्ड चित्र काढतं आणि बाहेर पाठवायला इंटेलच्या हातात देतं. हेडसेटला हे चालत नाही, आणि ही जोडणी मदरबोर्डवर छापलेली असल्याने ती बदलता येत नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स’ पानावर कोणतं भोक कोणाला जोडलंय त्याचं चित्र दिसतं. हेडसेट विकत घ्यायच्या आधी ते बघा. लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी नाही म्हणतो तेव्हा त्यांचे चेहरे पडतात, पण इथे मी काहीच करू शकत नाही.

व्हाइव्ह असेल आणि कंट्रोलर हवेत थरथरत असतील किंवा उडून जात असतील, तर खोलीतला आरसा शोधा. आपल्या घरांत लोखंडी कपाटाला पुरुषभर उंचीचा आरसा असतो, लेझर त्यावरून परततो आणि हेडसेटला दोनदोन बेस स्टेशन्स असल्यासारखं वाटतं. आरशावर चादर टाका. टीव्हीच्या काचेवरही. बेस स्टेशन पंख्याने हलणाऱ्या फळीवर किंवा पडद्याच्या दांडीवर नको, पक्क्या भिंतीत स्क्रू मारून बसवा. उभं राहून फिरायला किमान दोन मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे वाड्यातल्या खोल्यांत पलंग हलवावा लागणार.

चित्र खरोखर अडखळतच असेल तर वॉल्व्हची ‘स्टीमव्हीआर परफॉर्मन्स टेस्ट’ फुकट मिळते, ती चालवा. हेडसेट नसतानाही चालते, दोन-एक मिनिटांत हिरवा, पिवळा किंवा लाल पट्टा दाखवते. उन्हाळ्यात ती दोनदा चालवा, एकदा कॉम्प्युटर गार असताना आणि एकदा तासभर खेळून झाल्यावर. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, आणि जीटीएक्स १०६० सारखी कार्डं ८३ अंशांच्या आसपास पोचली की स्वतःहून वेग कमी करतात. सकाळी हिरवा आणि दुपारी पिवळा पट्टा आला तर पंख्याच्या पात्यांवरची धूळ काढा, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

केबलही विसरू नका. मान वळवाल तशी ती पिळवटते, वर्षभरात तिचं डोक्याकडचं टोक सैल होतं. रिफ्टची चेहऱ्याची गादी हळूच ओढून काढली की आत केबलचा प्लग दिसतो. कॉम्प्युटर बंद करून तो काढा आणि नीट दाबून परत बसवा. वापरलेला हेडसेट घेताना विक्रेत्यासमोर तो चालू ठेवून केबल डोक्याजवळ हलवून बघा. चित्र गेलं तर तो घेऊ नका, कारण जुन्या रिफ्टची नवी केबल मिळवणं सोपं राहिलेलं नाही.

त्याच वेळी पडदाही बघा. पूर्ण पांढरं चित्र लावून पिवळट किंवा काळे डाग दिसतात का ते तपासा. हेडसेट खिडकीत भिंगं वर करून ठेवला, तर ऊन भिंगांतून एका बिंदूवर येतं आणि आतला पडदा काही मिनिटांत जळतो. भिंगाने कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी केलेला आहे, तेच. त्याला दुरुस्ती नाही. काम झालं की कापडी पिशवीत ठेवा.

त्या मुलाचं काय झालं

एसएमपीएस साडेतीन हजारांना आला. मी त्याला जुनं ९६० परत बसवायला लावलं, कारण मला नक्की बघायचं होतं. नव्या एसएमपीएसवर, नव्या यूएसबी कार्डासह, त्याच जुन्या ९६० वर हेडसेट सव्वा तास चालला. एकदाही काळा पडला नाही, एकदाही बंद झाला नाही. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मुलगा डोक्यावर हेडसेट घालून खोलीच्या मधोमध उभा होता आणि टाइमरकडे मी बघत होतो. १०६० त्याने पुढे एका वर्गमित्राला दिलं, थोडं नुकसान सोसून.

तुमच्याकडे अशी तक्रार असेल आणि वरचं सगळं करून झालं असेल, तर विचारताना इतकं लिहा: हेडसेट कोणता, मदरबोर्डचं मॉडेल आणि मागच्या पोर्टांचा फोटो, कशात काय लावलंय ते दिसेल असा, एसएमपीएसवरच्या बारीक तक्त्याचा फोटो, इव्हेंट व्ह्यूअरमधली नोंद, आणि चित्र काळं होतं, सरकतं, अडखळतं की सगळंच बंद पडतं, यांतलं नेमकं काय. कार्डाचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं तरी चालेल.